कोठारं कुणापासून राखायची

स्कॉटलंडमधल्या जुन्या इस्टेटींवर लोक येतात ते दिवाणखाने बघायला. झुंबरं, पूर्वजांची तैलचित्रं, जेवणाच्या लांबलचक टेबलावर मांडून ठेवलेली चांदीची भांडी. मी तेही बघते, पण माझा जीव रमतो मागच्या बाजूला. वाड्यापासून जरा लांब, झाडीत, ओढ्याच्या उताराला किंवा शेताच्या कडेला साठवणीच्या इमारती असतात. कबुतरखाने, बर्फघरं, शिकारीचं मांस टांगायच्या खोल्या, धान्याची कोठारं. वाड्याच्या दर्शनी भागात मालकाने जगाला काय दाखवायचं ठरवलं होतं ते कळतं. या मागच्या इमारतींत त्याला कशाची भीती होती ते कळतं, आणि मला ते जास्त खरं वाटतं.

कारण अन्न साठवायचं म्हणजे ते कुणापासून तरी राखायचं. उंदीर, ऊन, ओल, माशी. यातल्या प्रत्येक इमारतीचा आकार तिच्या शत्रूने ठरवला आहे. भिंत किती जाड, दार कुठल्या दिशेला, छप्पर कसं उतरतं, फट कुठे ठेवली आणि कुठे बुजवली, हे बघत गेलं की शत्रू कोण ते आपसूक ओळखू येतं. आणि बहुतेक ठिकाणी एक भक्कम कुलूपही असतं. ते उंदरासाठी नसतं.

कबुतरखान्याला स्कॉट्स बोलीत डूकट म्हणतात. एडिंबराच्या पूर्वेला ईस्ट लोदियनमध्ये ईस्ट लिंटन नावाचं गाव आहे. तिथल्या प्रेस्टन मिल या जुन्या पाणचक्कीपासून थोडं चालत गेलं की फँटसी डूकट लागतो. सोळाव्या शतकातला. खाली रुंद आणि वर निमुळता होत गेलेला गोल दगडी बुरूज. त्याचं छप्पर दक्षिणेकडे उतरतं आणि मागची भिंत घोड्याच्या नालाच्या आकारात छपराहून उंच उठते. त्यामुळे उत्तरेचा बोचरा वारा अडतो आणि कबुतरांना छपरावर ऊन खात बसता येतं. कुण्या गवंड्याने पाखरांच्या सुखाचा इतका बारीक विचार केला, हे बघून मला फार बरं वाटलं होतं. आत भिंतीत सुमारे ५०० कोनाडे आहेत, प्रत्येक कोनाडा एका जोडीचा. अँगसमधल्या फिनेव्हनच्या डूकटमध्ये २,४०० कोनाडे आहेत आणि स्कॉटलंडमधला तो सगळ्यांत मोठा मानला जातो.

डूकटच्या बाहेरून भिंतीला आडवी, पुढे आलेली दगडी पट्टी फिरवलेली असते. लांबून ती नक्षी वाटते. चढत आलेला उंदीर तिच्याखाली अडावा म्हणून ती आहे. आत बऱ्याच डूकटांमध्ये मधोमध एक उभा लाकडी खांब असे, स्वतःभोवती फिरणारा, आणि त्याच्या आडव्या हातांना शिडी जोडलेली. शिडीवर उभं राहून माणूस भिंतीला हलकेच रेटा देत गोल फिरायचा आणि एकेका कोनाड्यात हात घालून पिल्लं काढायचा. साधारण चार आठवड्यांचं पिल्लू घ्यायचं, पंखांत बळ येण्याआधी. एकदा उडायला लागलं की मांस चिवट होतं. खाली साचलेली विष्ठासुद्धा वाया जात नसे. ती शेताला खत म्हणून जाई, कातडी कमावायला जाई आणि तिच्यातून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढत.

पुष्कळ ठिकाणी सांगतात की हिवाळ्यात ताजं मांस मिळावं म्हणून डूकट होते. मला हे पटत नाही. कबुतरांची पिल्लं मुख्यतः वसंतापासून शरदापर्यंत होतात. ऐन थंडीत कोनाडे जवळजवळ रिकामे असणार. त्यापेक्षा असं म्हणावं की वर्षातले बरेच महिने, पाहुणा कधीही आला तरी, कोवळं मांस हाताशी असण्याची ही सोय होती. ज्याच्याकडे ही सोय, तो मोठा माणूस.

आणि या कबुतरांना दाणा कोण घालत होतं? बहुतेक वेळ कुणीच नाही. ती सकाळी उडत आणि आसपासच्या शेतांत उतरत. पेरलेलं बी, कापणीला आलेलं ओट आणि बार्ली, सगळं त्यांचंच. शेत कसणारा कूळ ती बघत राही. जमीनदाराचं कबूतर मारणं हा गुन्हा होता. म्हणजे कुळाचं धान्य एका वाटेने खंड म्हणून वाड्यावर जाई आणि दुसऱ्या वाटेने पाखरांच्या पोटातून. १६१७ साली स्कॉटिश संसदेने कायदा केला की डूकट बांधणाऱ्याच्या मालकीची निदान दहा चाल्डर धान्य देणारी जमीन दोन मैलांच्या आत असली पाहिजे. चाल्डर म्हणजे सोळा बोल, आणि बोल हे तिथलं धान्याचं नेहमीचं माप. छोट्या जमीनदारांनी डूकट बांधून शेजाऱ्याच्या शेतावर पाखरं पोसू नयेत, असा त्याचा रोख. स्वतःच्या कुळाच्या शेतावर पोसायला हरकत नव्हती. तरी हौस काही कमी झाली नाही. फाइफ परगण्यातल्या जमीनदाराबद्दल तिकडे एक म्हण आहे: थोडीशी जमीन, भरपूर कर्ज, एक डूकट आणि एक कोर्टातला दावा, एवढी त्याची इस्टेट.

हा कायदा झाला तेव्हा सहावा जेम्स गादीवर होता. इंग्लंडचं राज्य मिळाल्यावर तो लंडनला गेला आणि मायदेशी परतला फक्त एकदा, त्याच १६१७ साली. दोनच वर्षांनी, १६१९ मध्ये, त्याने लंडनजवळ ग्रीनिचला बर्फघर बांधवून घेतलं. ब्रिटनमधलं ते पहिलं धरतात. तिथून ही कल्पना हळूहळू जमीनदारांच्या इस्टेटींवर पसरली आणि अठराव्या शतकापर्यंत बर्फघर नसलेला वाडा अपुरा वाटू लागला.

आयर्शरच्या किनाऱ्यावरच्या कलेन किल्ल्याच्या आवारात असं एक बर्फघर आहे. किल्ला वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडमने केनेडी घराण्यासाठी नव्याने रचला, कड्याच्या टोकावर, समुद्राकडे तोंड करून, आणि त्याचा अंडाकृती जिना बघायला लोक लांबून येतात. झाडीतल्या बर्फघराकडे फार कुणी वळत नाही. खरं तर अशा बर्फघराची रचनाही अंड्यासारखीच असते, निमुळतं टोक खाली. जमिनीत खोल खड्डा, विटांनी किंवा दगडांनी बांधून काढलेला, वर घुमट, घुमटावर मातीचा ढीग आणि ढिगावर झाडं लावून केलेली सावली. आत जायला अरुंद बोळ, शक्यतो उत्तरेकडे तोंड करून, आणि बोळात एकामागून एक दोन-तीन दारं. मागचं दार लावल्याशिवाय पुढल्याला हात लावायचा नाही, म्हणजे बाहेरची ऊब आत शिरत नाही. खड्ड्याच्या तळाला मोरी असते. बर्फ वितळून साचलेलं पाणी उरलेल्या बर्फाला झपाट्याने खातं, म्हणून ते लगेच निघून गेलं पाहिजे. पण त्याच मोरीतून गरम हवा वर येता कामा नये, म्हणून तिला वळण देऊन त्यात पाणी अडवून ठेवलेलं असतं. इतका साधा उपाय, आणि त्यावर सगळी मदार.

थंडीत तळं गोठलं की गावातली, इस्टेटीवरची माणसं बोलावली जात. गोठणं सांगून येत नाही, आणि स्कॉटलंडच्या सखल भागात ते टिकतही नाही, त्यामुळे जेव्हा बर्फ धरेल तेव्हा हातातलं काम टाकून यावं लागे. बर्फ फोडायचा, गाड्यांतून आणायचा, खड्ड्यात ओतायचा आणि ठोकून ठोकून त्याचा चुरा करायचा, म्हणजे मध्ये हवा न राहता सगळा मिळून एकच दगड होतो. कडेने पेंढा. नीट भरलेला बर्फ वर्षभर, कधी त्याहूनही जास्त टिकायचा. जुलैत वाड्यावरच्या मेजवानीत आइस्क्रीम येई ते या जानेवारीतल्या बधिर बोटांमुळे. जी बर्फघरं मी पाहिली त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी आज दाराला लोखंडी गज आहेत आणि आत वटवाघळं राहतात. गजाजवळ उभं राहिलं तरी ऐन उन्हाळ्यात पायावर गार हवा येते. भिंती अजून आपलं काम करतायत, हे जाणवून मन भरून येतं.

वाड्याच्या जिभेसाठी केलेली ही सोय पुढे धंद्यासाठी वापरली गेली, आणि त्या गोष्टीत हिंदुस्थान येतो. ईस्ट इंडिया कंपनीचा नकाशाकार अलेक्झांडर डॅलरिंपल तरुणपणी मद्रासला होता, पूर्वेच्या समुद्रांतही पुष्कळ फिरला होता. १७८० च्या दशकात त्याने आपला मित्र जॉर्ज डेम्प्स्टर याला सांगितलं की चीनच्या किनाऱ्यावरचे कोळी होडीत बर्फाचा साठा घेऊन जातात आणि मासा त्यात ताजा राखतात. डेम्प्स्टर हा अँगसमधला जमीनदार, खासदार आणि एकेकाळचा कंपनीचा संचालक. त्याने ही गोष्ट पर्थच्या रिचर्डसन नावाच्या सामन माशाच्या व्यापाऱ्याच्या कानावर घातली. तोवर स्कॉटलंडचा सामन लंडनला जायचा तो पिंपात खारवून किंवा उकडून व्हिनेगरमध्ये मुरवून. रिचर्डसनने तो बर्फात घालून पाठवला. काही वर्षांतच नद्यांच्या मुखांशी बर्फघरं उभी राहू लागली. चिनी कोळ्यांचं शहाणपण, त्यांची नावं कुठेही न लिहिता, कंपनीच्या कचेरीतून स्कॉटलंडच्या नद्यांवर पोचलं.

यातलं सगळ्यांत भव्य बर्फघर स्पे नदीच्या मुखाशी टगनेटला आहे, १८३० सालचं. ऑगस्ट १८२९ मध्ये या भागात भयंकर पूर आला होता. आजही त्याला 'मकल स्पेट', म्हणजे थोरला पूर, म्हणतात. त्यानंतरच्या वर्षी हे उभं राहिलं. मालकी गॉर्डन कासलच्या ड्यूकची. बाहेरून बघितलं तर किनाऱ्याच्या गोट्यांमधून गवताच्या तीन लांब लाटा उठल्यासारख्या दिसतात. आत गेलं की दगडी कमानींची दालनं एकामागून एक, अर्धी जमिनीत बुडालेली. इथे फेब्रुवारी-मार्चपासून ऑगस्टपर्यंत जाळ्यात आलेला सामन बर्फात भरला जाई आणि जहाजाने लंडनला रवाना होई. ज्या नदीकाठी ताजा सामन हे स्वस्त खाणं होतं तिथे तो आता लंडनच्या भावाने मोजला जाऊ लागला. नदीतल्या माशावर आधीच मालकाचा हक्क होता. बर्फाने त्या हक्काची किंमत कितीतरी पट वाढवली. आज त्याच ठिकाणी डॉल्फिन बघायला येणाऱ्यांसाठी केंद्र आहे. सामन मात्र इतका घटला आहे की २०२३ मध्ये ब्रिटनमधला अटलांटिक सामन संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला.

शिकारीच्या मांसाच्या खोल्यांबद्दल फार लिहीत नाही. त्या दिसायला सुंदर असतात. अनेकदा अष्टकोनी, म्हणजे वारा कुठूनही आला तरी आरपार जावा. भिंतीत लाकडी तिरप्या पट्ट्या किंवा बारीक जाळी, पुढे आलेली वळचण, आत छताला आकड्यांच्या रांगा. इथला शत्रू माशी. हरीण आठवडाभर किंवा जास्त टांगून ठेवायचं म्हणजे मांस मऊ होतं. या खोल्या मुख्यतः व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, आणि आकड्यावरचं हरीण ज्या डोंगरांतून यायचं त्यांतल्या कित्येक डोंगरांवर दोन पिढ्यांपूर्वी माणसं राहत होती. त्यांना मेंढ्यांसाठी हुसकावलं, मग मेंढ्यांच्या जागी हरणं आली. १९१२ पर्यंत हायलँड्समधली, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ स्कॉटलंडमधली, ३५ लाख एकरांहून अधिक जमीन हरणांच्या शिकारीसाठी राखलेली होती. हेब्रिडीजमधल्या रम बेटावरून १८२० च्या दशकात जवळजवळ सगळ्या रहिवाशांना कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला पाठवलं गेलं. पुढे ते बेट लँकेशरच्या बुलो घराण्याने शिकारीसाठी विकत घेतलं. त्यांचा पैसा सूतगिरण्यांच्या यंत्रांचा होता, आणि हॉवर्ड अँड बुलो कंपनीची ती यंत्रं हिंदुस्थानातल्या गिरण्यांतही फिरत होती.

मला सगळ्यांत जास्त वेळ थांबवलं ते धान्याच्या कोठारांनी. उत्तरेला, क्रोमार्टीच्या खाडीच्या काठावर, फौलिसचं कोठार आहे. साधारण १७४० सालचं, मन्रो घराण्याच्या इस्टेटीचं. लांब, दणकट, बिनशोभेची इमारत, अगदी पाण्याच्या कडेला. ती शेतांजवळ का नाही, खाडीवर का, हा पहिला प्रश्न. उत्तर असं की धान्य इथे राहायला येत नव्हतं, जायला येत होतं. कुळं खंड पैशात न देता बार्लीत आणि ओटच्या पिठात देत. ते स्वतःच्या घोड्यांवर लादून कोठारापर्यंत पोचवणं हीसुद्धा कुळाचीच जबाबदारी. इथे मोजून घेतलं जाई, माळ्यावर पसरलं जाई, तापू नये म्हणून मधूनमधून फावड्याने उलटलं जाई, आणि भाव चढला की जहाजात भरून दक्षिणेला. पूर्वेला पोर्टमाहोमॅकच्या बंदरावर अशीच दोन कोठारं आहेत, एक सतराव्या शतकाच्या अखेरीचं आणि दुसरं १७७९ चं.

मोजणी हा सगळ्या भांडणांचा मुद्दा असे. माप सपाट निपटून घ्यायचं की शिगेचं? माझ्या आजोळी, रत्नागिरीकडे, पायलीने भात मोजताना आजी देताना शीग लावून द्यायची. घेताना मात्र हात फिरवून सपाट घ्यायची, आणि म्हणायची, घेणाऱ्याने शीग मागू नये. फौलिसला घेणारा माप धरत होता. एकेका मापावरची मूठभर शीग म्हणजे किरकोळ, पण खाडीकाठच्या सगळ्या कुळांच्या सगळ्या मापांवरची शीग एकत्र केली तर तिचं एक वेगळं जहाज भरलं असतं.

याच फौलिसजवळ, इव्हॅन्टन गावावरच्या फिरिश टेकडीच्या माथ्यावर, दगडी कमानींची एक चमत्कारिक रांग उभी आहे. नोव्हारचा जमीनदार सर हेक्टर मन्रो याने ती १७८२ मध्ये उभारली. बक्सारच्या लढाईतला हाच तो मन्रो. १७८१ मध्ये त्याने डचांकडून नागपट्टिणम घेतलं, तंजावरच्या भोसल्यांच्या मुलखाला लागून असलेलं बंदर, आणि या कमानी त्याच नागपट्टिणमच्या वेशीसारख्या आहेत असं सांगतात. १७८२ ला हायलँड्समध्ये पीक बुडालं होतं. पुढच्या वर्षी सरकारने शिधा म्हणून वाटाणा पाठवला, म्हणून गेलिक बोलणारे त्या वर्षाला वाटाण्याचं वर्ष म्हणत. इथले लोक सांगतात की भुकेल्या माणसांना काही काम मिळावं म्हणून मन्रोने टेकडीवर दगड चढवून घेतले, आणि काम लांबावं म्हणून काही दगड पुन्हा खाली लोटून दिले. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातला एक भाग मला सोडत नाही. टेकडीवर दगड वाहणाऱ्याला वरून ती खाडी दिसत असणार, आणि खाडीच्या काठावर फौलिसचं कोठार.

१८४६ मध्ये बटाट्यावर करपा आला आणि हायलँड्सच्या पश्चिमेला व बेटांवर उपासमार सुरू झाली. पूर्वेच्या बंदरांवर मात्र धान्य होतं, आणि ते नेहमीसारखं दक्षिणेला निघालं होतं, कारण टंचाईने भाव चढले होते. १८४७ च्या हिवाळ्यात इन्व्हरगॉर्डन, बर्गहेड, विक अशा बंदरांवर लोक उतरले. त्यांनी गाड्या अडवल्या, जहाजं भरू देईनात. त्यांचं मागणं फार मोठं नव्हतं: हे पीठ आधी आम्हाला विका, रास्त भावाने. सरकारने फौज पाठवली. विकमध्ये सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. जहाजं गेली. डूकटवरची उंदरांची पट्टी, बर्फघराची तीन दारं, जाळीच्या खिडक्या, हे सगळं बघून झाल्यावर मला कोठाराच्या भिंतीची जाडी कळली ती या हिवाळ्याबद्दल वाचल्यावर.

भुकेल्यांना मदत झाली नाही असं नाही. वर्गण्या जमल्या, पिठाची वाटपं झाली. पण १८४८ पासून मदतीला अट लागली: गड्याने दिवसाचे आठ तास रस्त्याचं काम करायचं आणि त्याबदल्यात एक पौंड पीठ घ्यायचं, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. त्याहून जास्त दिलं तर लोक आळशी होतील असं त्यामागचं म्हणणं. या विचाराचा मोठा पुरस्कर्ता होता लंडनच्या सरकारी खजिन्यातला अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन. त्याने नोकरीची सुरुवात हिंदुस्थानात कंपनीच्या चाकरीत केली होती आणि पुढे तो मद्रासचा गव्हर्नरही झाला.

एक पौंड हे माप आपल्याकडेही आलं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात, १८७७ च्या सुरुवातीला, दुष्काळी कामांवरच्या गड्याची मजुरी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर आणली गेली. ठरवणारे होते सर रिचर्ड टेंपल. त्याच वर्षी ते मुंबईचे गव्हर्नर झाले. त्या काळातही देशातून धान्य परदेशी जात होतं. सार्वजनिक काकांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने या मजुरीविरुद्ध सरकारला लिहिलं, की एवढ्यावर कष्टाचं काम करणारा माणूस जगत नाही. आणि दख्खनच्या दुष्काळी कामांवरच्या हजारो लोकांनी त्या मापावर खडी फोडायला नकार दिला, टोपल्या खाली ठेवल्या आणि ते कामं सोडून निघून गेले.